नख लावून बघा

सर आमच्या शाळेत आले तेव्हा आमच्या नकाशात लातूर उरलं नव्हतं.

शाळा अंध मुलांची. लातूर शहर संपतं आणि औशाकडचा रस्ता मोकळा होतो, तिथे. नकाशा थर्माकोलचा होता, कुठल्याशा प्रदर्शनातून उरलेला आणि कुणीतरी देणगी म्हणून आणून दिलेला. आमची मुलं बघतात ती बोटांनी. आणि नकाशा समोर आला की प्रत्येक मूल आधी आपला जिल्हा शोधतं. वर्षानुवर्षं बोटं फिरून लातूरच्या जागी एक खळगा पडला होता. नांदेडच्या कडा झिजल्या होत्या. कोकण तर कधीच गळून पडलं होतं, ते मी तोंडीच शिकवत असे.

हस्तकलेचे शिक्षक म्हणून रुजू झाले त्या दिवशी सरांनी तो नकाशा उचलला, बोटाच्या पेरानं टकटक केली, कान लावला आणि मग अंगठ्याचं नख दाबलं. नख सहज आत गेलं.

"ह्याला अंगच न्हाई," ते म्हणाले. "नुसता जीव हाय."

अशी आमची ओळख झाली. मी भूगोलाची शिक्षिका, म्हणून तो दुबळा नकाशा माझाच, आणि त्याची लाज वाटायची ती मलाच, असं त्यांनी त्याच क्षणी धरून टाकलं.

सर उंच होते, पण सतत कशावर तरी वाकलेले असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नसे. शर्टाच्या बाह्यांवर सुकलेल्या पुट्टीचे पांढरे डाग. चष्मा कायम कपाळावर. डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम राखलेलं. हे नख म्हणजे त्यांचं यंत्र. बाजारात कलिंगडाला लावायचं, एसटीच्या नव्या बाकाला लावायचं, दवाखान्यातल्या टेबलाला लावायचं. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही सगळे आहेर द्यायला व्यासपीठावर चढलो. सर नवरा-नवरीच्या मागच्या खांबाशी थांबले. खांब राजवाड्यासारखा, सोनेरी. सरांनी नख लावलं आणि वधूपित्याच्या कानाशी जाऊन गंभीरपणे म्हणाले, "आतून फोम हाय. वरून कच्चा ठेवलाय. टेकू नका कुणाला देऊ."

वधूपिता त्या दिवशी आधीच बेजार. संध्याकाळपर्यंत तो खांबाकडेच बघत होता.

सरांच्या खिशात नेहमी दोन-तीन ठोकळे असत, सुपारीपेक्षा जरा मोठे. आतून थर्माकोल, वरून त्यांनी दिलेला लेप. कुणीही नवा माणूस भेटला की नमस्काराच्या आधी ठोकळा पुढे यायचा. "नख लावून बघा." माणूस गोंधळून नख लावायचा. नख घसरायचं. सर इतके खूश व्हायचे की त्या माणसालाही आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायचं. तपासणीला आलेल्या साहेबांनीही नख लावलं होतं. एका साहेबांचं तुटलं. सरांनी त्यांना पाणी विचारलं नाही. "बगा, तुमचं गेलं, ह्याचं न्हाई गेलं," एवढंच म्हणाले.

आता हे सगळं मी हसत सांगते, पण त्यांच्या वेडामागे खरी गरज होती. डोळस मुलांच्या शाळेत एखादी प्रतिकृती काचेच्या कपाटात ठेवली की झालं. आमच्याकडे कपाटातली वस्तू म्हणजे नसलेली वस्तू. मुलांच्या हातात द्यायची तर थर्माकोलचं आयुष्य फार कमी. गणपतीची सोंड आठवडाभरात जायची. विमानाचे पंख त्याच्याही आधी. एखाद्या मुलाच्या हातात काहीतरी मोडलं की ते मूल हात मागे घ्यायचं, आणि मग पुढचे कितीतरी दिवस कशालाही हात लावायला धजायचं नाही. हे सरांनी आल्या आल्या हेरलं. "मोडलं तर वस्तू नवी करता येती," ते मला म्हणाले होते. "पोराचा हात एकदा भ्याला की भ्याला."

म्हणून मग लेप. शाळेच्या मागे एक पत्र्याचं शेड होतं, ते सरांनी मागून घेतलं. गंजगोलाईतल्या दुकानांमागे टाकलेला, फ्रिजच्या आणि टीव्हीच्या खोक्यांतला थर्माकोल ते सायकलवर बांधून आणत. वाऱ्याच्या दिवशी सायकल आणि सर दोघं मिळून रस्त्याच्या पार पलीकडे जात. शेडमध्ये तो फोम कापायचा, घासायचा. मग पांढऱ्या डिंकात भिजवलेल्या जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या त्यावर चिकटवायच्या. वाळू द्यायचं. मग भिंतीची पुट्टी. वाळू द्यायचं. पॉलिश पेपरनं घासून पुन्हा पुट्टी. वाळू द्यायचं. मग रंग, आणि सगळ्यात शेवटी रेझीन, दोन बाटल्यांतलं, एकत्र केलं की काचेसारखं घट्ट होणारं.

त्या दोन बाटल्यांना ते नवरा आणि बायको म्हणत. "वेगळे असले की नुसते बसून राहतेत, वर्षभर. एकत्र आणले की आधी तापतेत, आणि मग असे घट्ट होतेत की कुणाच्या बापाला सुटत न्हाई." यातली घट्ट करणारी बाटली ती बायको. थोडं थोडंच कालवायचं, एकदम जास्त कालवलं तर भांड्यातून धूर निघतो. "एकत्र कुटुंबात असंच होतं," हेही त्यांचंच.

आणि "वाळू द्या." हे दोन शब्द मी जितक्यांदा ऐकले असतील तितक्यांदा शाळेची घंटा ऐकली नसेल. शेडच्या दारात कुणी मोठ्यानं बोललं तर सर ओठावर बोट ठेवायचे. "शूऽऽ. वाळून राहिलंय." पाळण्यातल्या लेकराबद्दल बोलावं तसं. माश्या बसू नयेत म्हणून पुठ्ठ्यानं वारा घालत ते ओल्या वस्तूशेजारी बसून राहत. मुख्याध्यापकांनी एकदा कुठल्याशा प्रस्तावावर सही मागितली तर म्हणाले, "ठेवा, जरा वाळू द्या."

एकदाच त्यांच्या वाळण्यात कुणीतरी घाई केली. सरांनी औशाचा किल्ला केला होता, खंदकासकट, बुरुजासकट. नुसत्या थर्माकोलचा, लेप अजून द्यायचा होता. संस्थेच्या एका देणगीदारांना पाहुणे घेऊन यायचं होतं आणि किल्ल्यावर आपलं नाव सोनेरी अक्षरांत हवं होतं. सर दोन दिवस गावी, जळकोटला गेलेले. देणगीदारांच्या माणसानं स्वतःच फवारणीच्या रंगाचा डबा आणला आणि दरवाजावर नाव मारलं. त्या रंगात थर्माकोल विरघळतो, हे त्याला कुठून माहीत असणार? चुरचुर आवाज आला आणि दरवाजा आत बसला. तो घाबरून झाकायला म्हणून आणखी फवारत गेला. बुरूज गेला, तटबंदी गेली.

आम्हाला वाटलं, सर आता राजीनामा देतील. ते आले, त्या विरघळलेल्या ढिगाऱ्याभोवती फिरले, आणि म्हणाले, "फेकू नका. पोरांना दाखवू. पडका किल्ला कसा असतो ते मला काही जमलं न्हवतं." मग त्या अवशेषावर त्यांनी नीट लेप दिला. आजही तो आमच्याकडे आहे. मुलांना नंतर केलेल्या अखंड किल्ल्यापेक्षा तोच आवडतो, कारण त्यात बोटं घालायला जागा आहे.

भाकरीची गोष्ट मला त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सांगितली. 'आपला आहार' या विषयासाठी सरांनी फोमची केळी, फोमची वांगी, फोमची मक्याची कणसं केली. पण भाकरी काही मनासारखी होईना. मग त्यांनी घरातली खरी ज्वारीची भाकरी उचलली, उन्हात कडक वाळवली आणि तिलाच लेप देऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. काकूंनी ती दुरडीत टाकली. दुपारी उदगीरहून त्यांचे भाऊ आले. जेवायला बसले.

"भावानं आधी हातानं मोडायला बघितली," काकू सांगत होत्या. "मग गुडघ्यावर. मला म्हणतो, ताई, तुमच्याकडं पाण्याची टंचाई हाय हे ऐकलं होतं, पण पीठ इतकं कोरडं मळायलाव व्हय? आणि हे शेजारी बसून लेकरासारखे खूश. म्हणतेत, दात बी लागला न्हाई!"

काकू सरांच्या अगदी उलट. ठेंगण्या, चपळ, कशालाही वाळू न देणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. शाळेमागच्या दोन खोल्यांत दोघं राहत, आणि आमची वसतिगृहातली अर्धी पोरं त्यांच्या ओट्यावर.

सरांच्या लेपाला नावं ठेवणारी शाळेत एकच व्यक्ती होती, आमच्या गाण्याच्या बाई. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांना जन्मापासून दिसत नाही. पेटीवर बसल्या की पोरांची कुजबुजही थांबते, असा दरारा. त्यांचा वर्ग शेडला लागून. रेझीनच्या वासानं आपला पंचम हलतो, अशी त्यांची तक्रार. एकदा सरांनी नवीन केलेली फळं त्यांच्या हातात दिली. अक्कांनी ती शांतपणे चाचपली.

"सर, पपई झाली, चिकू झाला, आंबा झाला. आकार वेगळे आहेत. पण अंग सगळ्यांचं एकच. बशीचं."

"मजबूत हाय का न्हाई, ते सांगा की ओ अक्का."

"मजबूत आहे."

"मग झालं तर."

अक्कांनी फळं परत दिली.

मोठ्या नकाशाची कल्पना सरांचीच. "मॅडम, तुम्हाला महाराष्ट्र करून देतो. पोरं वर बसली तरी मोडायचा न्हाई." दोन पलंग जोडावेत एवढा उठावाचा नकाशा. मी पुस्तकं दिली, उंची सांगितली, नद्या काढून दिल्या. सह्याद्री त्यांनी बाजारातल्या गादीच्या फोममधून कापला, बालाघाटाचे डोंगर थर्माकोलमधून. आमची मांजरा, तेरणा, वरून येणारी गोदावरी. पट्ट्या झाल्या, पुट्टी झाली, रंग झाला. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, पठार पिवळं. मग रेझीनचे हात सुरू झाले. एकावर एक, एकावर एक. मी रोज मधल्या सुट्टीत जाऊन बघायची. असा चकचकीत महाराष्ट्र मी कुठे पाहिला नव्हता. पोरांना मात्र शेडमध्ये यायला बंदी. पूर्ण वाळल्याशिवाय एकाही बोटानं स्पर्श करायचा नाही. पोरं दारात उभी राहून नुसता वास घेत.

एप्रिलातली सकाळ होती. शेवटचा हात राहिला होता, कोकणचा. एप्रिलात लातूरचा पत्रा काय तापतो ते लातूरकरांना सांगायला नको. शेडमध्ये ठेवलेली ती 'बायको'ची बाटली उन्हानं फुगलेली असावी. सरांनी बूच फिरवलं आणि आतला द्रव उसळून थेट दोन्ही डोळ्यांत गेला. चष्मा कपाळावर.

मी शेजारच्या वर्गात होते. सरांचा आवाज आला, ओरडल्याचा नाही, बुजल्याचा. पाठोपाठ अक्कांचा, "बाई, या!" मी पोचले तेव्हा अक्कांनी सरांची मान धरून त्यांना जमिनीवर बसवलं होतं. कोपऱ्यातला नळ सोडला तर तो नुसताच फुसफुसला. पाण्याचा दिवस नव्हता.

"पिंप," अक्का म्हणाल्या. "मुलांचं पिण्याचं. ओतायला लागा."

"पण अक्का, ते—"

"ओता! डोळे उघडे धरा त्यांचे."

मी पापण्या धरल्या आणि अक्का तांब्यामागून तांब्या ओतत राहिल्या. सर हात झाडत होते, अक्का त्यांना गाण्याच्या वर्गातल्या पोरासारख्या दटावत होत्या. पिंप संपलं, मग स्वयंपाकघरातल्या घागरी आल्या. स्वयंपाकाच्या मावशींनी स्वतःहून आणल्या. सगळी वसतिगृहाची मुलं व्हरांड्यात चिडीचूप उभी, आणि पाण्याचा आवाज ऐकत होती. एवढं पाणी एप्रिलात सांडताना त्यांनी कधी ऐकलं नसेल. मग रिक्षात घालून आम्ही सरांना डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पुन्हा पुष्कळ धुतलं, औषध घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "लगेच पाणी मारलं हे फार बरं केलं. डावा बहुतेक वाचेल. उजव्याचं मी आज सांगू शकत नाही."

काकूंनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर मात्र सरांना म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, मी कधी तुमच्या डोळ्यात खुपले न्हाई. ही दुसरी केली, तिनं बघा काय केलं." सर हसतील म्हणून त्या थांबल्या. सर हसले नाहीत.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. शाळेत इतकी शांतता कधी नव्हती. टकटक नाही, 'वाळू द्या' नाही. आमची मुलं अंधत्वाला भीत नाहीत, ती त्यातच वाढलेली; पण सरांना दिसत नाही हे ऐकून काही लहान पोरं रडली. मला त्याचं नवल वाटलं. त्यांना काय गमावल्यासारखं वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

मी आणि अक्का त्यांच्याकडे गेलो तेव्हा सर खाटेवर बसले होते. हात मांडीवर, पालथे.

"न्या यांना कुठंतरी," काकू म्हणाल्या. "सकाळपासनं बोलले न्हाईत. पट्टी हाय म्हणून कळत बी न्हाई, जागे हायत का झोपलेत."

"चला शाळेत, सर," अक्का म्हणाल्या. "घरी बसून डोळा लवकर बरा होत नाही आणि शाळेत बसून बिघडत नाही."

"पायरी—"

"पायरी कुठे आहे ते पायाला विचारा. त्याला माहीत असतं."

अशी वरात निघाली. पुढे अक्का काठी टेकत, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सर, मागे मी आणि काकू. दोघींना सगळं दिसत होतं आणि धडपडत होतो आम्हीच.

शेडमध्ये आल्यावर सरांनी हवेत नाक फिरवलं. मग नकाशाची कड सापडली. नेहमीसारखं डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी दाबलं. नख घसरलं. त्या दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटलं.

"पक्का झाला," ते म्हणाले. "मॅडम, मला नाशकावर बोट ठेवून द्या. गोदावरीनं खाली येतो. नांदेडला उतरून मग जळकोटला जातो."

मी त्यांचं बोट नाशिकवर ठेवलं. ते निघालं, जरा चाललं आणि घसरत भलतीकडेच गेलं, पार सोलापुराकडे. मी पुन्हा ठेवलं. पुन्हा घसरलं. मग सरांनी पूर्ण तळहात टेकवला आणि सावकाश फिरवला, वर, खाली, पुन्हा वर.

"मॅडम," ते म्हणाले, "गोदावरी कुठं हाय?"

"तुमच्या हाताखालीच आहे, सर. निळी."

बोलले आणि मलाच कळलं.

"निळी," ते म्हणाले. "निळी कुणाला पायजे होती?"

लेपाचा प्रत्येक हात नदीच्या खाचेत जाऊन बसला होता. वरून बघणाऱ्याला तळाशी रंग दिसत होता, आणि हात मात्र काचेवरून फिरत होता. आम्ही दोघांनी इतके महिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि छान म्हटलं होतं.

अक्कांनी पुढे होऊन सरांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत एकदा फिरवला.

"टेबल चांगलं झालंय, सर," त्या म्हणाल्या.

आणि सर हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता पट्टी ओली होईल म्हणून काकू रागावल्या, तरी थांबेनात.

"बोलवा पोरांना," ते म्हणाले. "बंदी उठली. सगळ्या चुका काढू द्या."

पोरं आली. त्यांनी सरांच्या इच्छेपेक्षा जास्तच मनावर घेतलं. डोंगर कुठून चढायचा ते कळत नाही. गावं सगळी सारखीच, एकेक मणी. घाट कुठे आहे? सहावीतली आरती, औशाकडच्या एका खेड्यातली, फार चिकित्सक मुलगी. तिनं हात पुसून पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "सर, सगळीकडं नुसतं उतरल्यासारखं वाटायलंय. चढायचं कुठंच न्हाई." सर पट्टी बांधलेलं तोंड तिच्याकडे करून ऐकत होते. "हाव," म्हणत होते, "हाव. पुढं?"

परत जाताना काकू आणि अक्का पुढे होत्या. सर माझ्या खांद्याला धरून चालत होते.

"डोळे न्हाई आले तर हा नकाशा असाच राहील," ते म्हणाले. "तेवढीच फिकीर हाय."

पायरी आली तशी मी पावलं हळू केली.

"न्हाई," तेच म्हणाले. "खोटं बोललो, मॅडम. नुसतं भ्या वाटून राहिलंय."

पट्टी काढायच्या दिवशी काकूंनी मला सोबत नेलं. डॉक्टरांनी पडदे ओढले, सरांना खुर्चीत बसवलं. काकू समोर उभ्या. आधी डावी पट्टी सुटली, मग उजवी. सरांनी डोळे मिटूनच ठेवले होते.

"उघडा सावकाश," डॉक्टर म्हणाले. "डावा हातानं झाका. आता काय दिसतंय?"

सर काकूंकडे बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"लई वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "तुम्ही पुट्टी बगत होताव." आणि मग त्या मटकन बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. डॉक्टर हसत होते. उजव्या डोळ्यात थोडा धूसरपणा राहील, म्हणाले, कदाचित कमीही होईल. कुणी ते फारसं ऐकलंच नाही. बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. आम्ही तिघांनी गाड्यावर उभं राहून उसाचा रस प्यायला आणि सरांनी ग्लासाला नख लावलं. काकूंनी त्या दिवशी प्रथमच काही म्हटलं नाही.

सुट्टीभर सर त्या नकाशावर होते. इतक्या महिन्यांचा लेप त्यांनी कानशीनं आणि पटाशीनं खरवडून काढला. आता डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मा, काकूंनी स्वतः दोरी बांधून डोक्याला पक्का केलेला. नद्या बोट बसेल एवढ्या खोल कोरल्या. लेप पातळ, एकेकच हात, आणि ओला असतानाच काठीला गुंडाळलेल्या फडक्यानं नदीतून निपटून काढायचा. घाटांवर पुट्टीत भरड वाळू. पठार जरा खरखरीत, किनारा गुळगुळीत. प्रत्येक भाग झाला की सर डोळे मिटून त्यावरून जात आणि मग अक्कांना बोलावत. अक्का सुट्टीतही गावी गेल्या नाहीत. "हा घाट खोटा वाटतो," त्या म्हणत, आणि सर मुकाट्यानं पुन्हा वाळू घेत. नख आता सगळ्यात शेवटी लागायचं.

आता सर निवृत्त होऊन जळकोटला असतात. उजवा डोळा जवळजवळ साफ आहे. फोन केला की काकू आधी तक्रारींचा पाढा वाचतात, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं. मध्यंतरी त्यांनी गावातल्या मुलांसाठी फोमचा नांगर केला म्हणे, आणि कुणीतरी तो खरा समजून शेतात नेला.

पण मला आठवते ती शाळा उघडल्यानंतरची सकाळ. नकाशा व्हरांड्यात मांडला होता. पोरांची रांग लागलेली. सर एका टोकाला उभे, हात मागे बांधून. त्यांना इतकं घाबरलेलं मी पट्टीच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. आरतीचा नंबर पहिला. मी तिचं बोट त्र्यंबकेश्वरावर ठेवलं आणि बाजूला झाले.

बोट निघालं. नाशिक ओलांडलं. पैठणला जरा रेंगाळलं, पुन्हा चाललं. ती वाकली, पुढे सरकली, तिच्याबरोबर आम्ही सगळे सरकलो. "नांदेड," ती म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं. तिथे न थांबता ती पुढे गेली, आणि नकाशाची कड आली. बोट बाहेर गेलं.

"सर, संपली?"

"न्हाई," सर म्हणाले. "फोम संपला. गोदावरी चालूच हाय, तिकडं तेलंगणात."

आरतीनं हात तसाच पुढे धरला, जराशी हसली.

"सरक की!" रांगेतलं मागचं पोरगं ओरडलं. "आमाला बी जायचंय!"